‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो सर’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही लातूरला १६ वर्षं टॅक्स प्रॅक्टिस करताय. एका संस्थेने तुम्हाला जीएसटीचा ८ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग दिलाय. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री ८ ते ९.३०. दुकानांतले आणि कारखान्यांतले अकाउंटंट, टॅक्स ऑफिसांतली मुलं-मुली असे ४२ जण. पहिल्या दिवशी जवळपास सगळे आले, तिसऱ्या आठवड्यात २३ उरले. कॅमेरे बंद. ‘समजलं का?’ म्हटलं की ‘हो सर’ येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच कोणीतरी फोन करून नेमकं तेच विचारतो. शेवटी तुम्ही विचारलंय: मी शिकवण्यात कमी पडतोय, की या लोकांना शिकायचंच नाहीये?

मला दोन्ही वाटत नाही. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ त्या फोनची आहे. जो माणूस कामाच्या वेळात, मालकाची नजर चुकवून तुम्हाला फोन करतो, त्याला शिकायचं आहे आणि तुमच्यावर त्याचा विश्वासही आहे. चाळीस जणांसमोर मात्र त्याला ते विचारता येत नाही. वर्गातला खरा प्रश्न वर्गाबाहेर विचारला जातोय, ही तुमची अडचण. तो प्रश्न वर्गात कसा आणायचा यावरच मी लिहिणार आहे. कॅमेरा, ॲप, स्लाइड या गोष्टी त्यामानाने किरकोळ आहेत.

हे कुठल्या अनुभवावरून सांगतेय ते थोडक्यात सांगते. २००५ साली राज्यात व्हॅट आला तेव्हा मी एका टॅक्स ऑफिसात नोकरीला होते. जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाल्यावर व्यापारी संघटनांच्या सभागृहांत वर्ग घ्यायला लागले. २०२० च्या टाळेबंदीत ते ऑनलाइन गेले, आणि आजही तसेच चालू आहेत. पहिलं दीड वर्ष मी सभागृहातलं व्याख्यानच पडद्यावरून देत होते आणि गळती तुमच्याइतकीच होती. मग मधेच सोडून गेलेल्यांना मी एकेक करून फोन केले. खाली लिहितेय त्यातलं बरंचसं मला त्या फोनांवर कळलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. फी कोणी भरली? स्वतःच्या खिशातून भरलेला माणूस नाराज झाला तर निघून जातो. मालकाने भरलेला माणूस हजेरी लावून बसतो, पण मनाने नसतो. दोघांचे उपाय वेगळे. किती जण मोबाइलवर आहेत? मोबाइलवर एक्सेल दाखवलं तर आकडे मुंगीएवढे दिसतात, आणि तुमचं अर्धं शिकवणं तिथेच वाया जातं. एका ऑफिसातले साहेब आणि हाताखालचे एकाच वर्गात आहेत का? शेवटी परीक्षा आहे का, आणि तिच्यावर कोणाची पगारवाढ ठरते का? हे मला माहीत नाही, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. ४२ ऐवजी १२ जण असते तरी मी निम्मं उत्तर वेगळं लिहिलं असतं.

आता त्या शांततेबद्दल. सांगलीकडचे एक काका माझ्या वर्गात होते. हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं खातेवह्या सांभाळलेले. सहा आठवड्यांत एकदाही बोलले नाहीत. त्यांना जीएसटीचं सरकारी पोर्टल झेपत नाहीये असा मी अंदाज बांधला. फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, त्याच वर्गात आमच्या मालकांचा मुलगा बसतोय. मी काही विचारलं तर उद्या दुकानात निघेल, काकांना एवढंसुद्धा येत नाही, मग इतकी वर्षं केलं काय?’ मला फार वाईट वाटलं. नावनोंदणीच्या फॉर्मवर दोघांच्या पुढे एकाच दुकानाचं नाव होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

शाळेतल्या मुलाने ‘मला येत नाही’ म्हटलं तर ते साहजिक धरलं जातं. अकाउंटंटने म्हटलं की त्याच्या पगारावर प्रश्न येतो. वयाने मोठा, घर चालवणारा, ऑफिसात ज्याला चार जण विचारायला येतात असा माणूस चारचौघांत अडाणी दिसायला तयार होत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न त्याला नेमक्या त्याच जागी उभं करतो. ‘नाही’ म्हणणं महाग, ‘हो’ म्हणणं फुकट. म्हणून मी तो प्रश्न विचारणं पूर्ण बंद केलं. त्याऐवजी छोटं काम देते, समजा क्रेडिटवर, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीवर. ‘हे बिल बघा आणि यातलं क्रेडिट या महिन्यात घ्याल की नाही, एवढं चॅटमध्ये लिहा. हो, नाही किंवा थांबेन.’ तेवीस उत्तरं आली आणि त्यात नऊ ‘थांबेन’ असतील, तर कुठे अडलंय ते मला कळतं, आणि कोणालाही ‘मला समजलं नाही’ म्हणावं लागत नाही.

त्या काकांनंतर मी आणखी दोन बदल केले. फॉर्मवर सरळ विचारते, ‘तुमच्या दुकानातलं, ऑफिसातलं किंवा घरातलं आणखी कोणी या वर्गात आहे का?’ असेल तर त्यांना वेगवेगळ्या गटांत घालते, शक्य असेल तर वेगळ्या वारांना. दुसरं म्हणजे नाव न टाकता प्रश्न लिहायचा एक फॉर्म ठेवते आणि प्रत्येक वर्गाची पहिली १५ मिनिटं त्यातलेच प्रश्न घेते. सुरुवातीला फॉर्म रिकामा राहील. तेव्हा तुमच्याकडे फोनवर आलेले प्रश्न त्या माणसाला विचारून, नाव न घेता तिथे टाका. एक वाचून दाखवला की चॅटमध्ये ‘माझंही हेच’, ‘आमच्याकडेपण’ असं यायला लागतं. आपण एकटेच अडलेलो नाही हे त्या क्षणी प्रत्येकाला कळतं. माझ्या वर्गाचं बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू झालंय.

भाषेचंही तसंच. पोर्टल इंग्रजीत, कायदा इंग्रजीत, त्यामुळे प्रश्नसुद्धा इंग्रजी शब्दांत नीट मांडला पाहिजे असं लोकांना वाटतं. एका मुलीने मला व्हॉइस नोट पाठवली होती, ‘मॅडम, बिल तर हाय, पण टूबीत दिसंना गेलंय, काय करू?’ टूबी म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल दर महिन्याला बनवतं ती क्रेडिटची यादी. याच्याहून नेमका प्रश्न कुठला असणार? तिची परवानगी घेऊन मी ती तशीच वर्गात ऐकवली. त्या दिवसापासून लोक आपापल्या बोलीत बोलायला लागले. तुमचे लोक मराठवाड्यातले असतील तर तुम्हीही पडद्यावर पुस्तकी बोलू नका, ऑफिसात पार्टीशी बोलता तसं बोला.

कॅमेऱ्याचा आग्रह सोडून द्या असं मी सांगेन. रात्री ८ ही जेवणाची वेळ. कोणाचं घर एका खोलीचं, कोणाचं पोर मांडीवर, कोणी कानात इअरफोन घालून पोळ्या करतेय. माझ्या वर्गात शेवटपर्यंत टिकलेल्या आणि सगळ्यात चांगलं काम करणाऱ्या काही बायकांचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही. आवाजाचा आग्रह मात्र मी धरते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने २० सेकंद बोलायचं: नाव, गाव आणि या महिन्यात डोक्याला ताप झालेलं एक काम. ४२ जणांना १४ मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी ज्याचा आवाज निघाला नाही, तो पुढे निघणं फार अवघड जातं. तुमचा तिसरा आठवडा चालू आहे, तरी उशीर झालेला नाही. फक्त आता हे सगळ्यांसमोर करू नका, चार-चार जणांच्या गटांत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तुम्ही लिहिलेल्या विषयांच्या यादीवरून तुम्ही कायद्याच्या क्रमाने शिकवताय असं दिसतं: पुरवठ्याची व्याख्या, मग पुरवठ्याची वेळ, मग मूल्य, मग इनपुट क्रेडिट. कायद्याच्या पुस्तकाला तो क्रम योग्य आहे. नोकरी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र महिना असतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला टूबी येणार, मग आपल्या खरेदीच्या बिलांशी मॅचिंग, मग २० ला थ्रीबी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. त्याची भीती, घाई, रात्रीची जागरणं सगळी या तारखांना बांधलेली असतात. म्हणून मी वर्ग महिन्याच्या क्रमाने लावते. १४ तारखेनंतरच्या पहिल्या वर्गात टूबीचं मॅचिंग घेते, कारण त्या दिवशी त्यांच्या टेबलावर तेच असतं. कलमं येतातच, पण कामाच्या मागून येतात.

आणि वर्गाचा मुख्य भाग मी व्याख्यानाला देत नाही, एका केसला देते. कशी, ते एका प्रसंगावरून सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. त्यानंतरच्या वर्गात मी प्रश्न टाकला. सिमेंटची गाडी २० सप्टेंबरला गोडाऊनमधून निघाली, बिल २४ ला केलं, पैसे ३० ला आले. कर २८ ने की १८ ने? उत्तर जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. पुरवठा, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला पडतात, तो दर. इथे बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे, म्हणून १८. माझ्या मनात हे दहा मिनिटांचं काम होतं.

पण सिमेंटच्या एका डीलरकडे काम करणाऱ्या मुलीने चॅटमध्ये लिहिलं, ‘मॅडम, पण बिल नसताना गाडी गेटच्या बाहेर गेलीच कशी?’

तिचं म्हणणं बरोबर होतं. मालाचं बिल माल निघताना किंवा त्याआधी व्हायला हवं, हाही कायदाच आहे. मी एक कलम शिकवण्याच्या नादात दुसरं मोडणारं उदाहरण दिलं होतं. मी तसं कबूल केलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे कधी असं होतं का?’ आणि वर्ग बोलायला लागला. कोणी म्हणालं, मालक साइटवरून फोन करतात, आधी गाडी सोड, बिल नंतर बघू. कोणी म्हणालं, आमच्याकडे डिलिव्हरी चलनावर माल जातो आणि आठवड्याने एकच बिल होतं, ते चालतं का? एकाने विचारलं, गाडी वाटेत धरली तर दंड कोणाच्या नावावर? वेळ संपली तरी कोणी हललं नाही. त्या दिवशी मी फार थोडं बोलले असेन, पण कलम १४ आणि बिलाची वेळ हे दोन्ही त्या लोकांच्या डोक्यात जितकं पक्कं बसलं, तितकं माझ्या कुठल्याच स्लाइडने बसवलं नव्हतं. आता मी तो प्रश्न तसाच ठेवते आणि गाडी गेटबाहेर कशी गेली हे कोणीतरी विचारण्याची वाट बघते.

नोकरी करणाऱ्या माणसाला शिकवण्यातला सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. त्याला कायदा कमी येत असेल, पण गेटवर काय घडतं ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. त्याचं ते माहीत असणं वर्गात यायला जागा मिळाली की तो विद्यार्थी म्हणून अवघडून बसत नाही, जाणकार म्हणून बोलतो. आणि जाणकार म्हणून बोलता बोलता ‘हे मात्र मला माहीत नव्हतं’ असं म्हणणं त्याला जड जात नाही.

डॉक्टरांमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेलीय, ते मला फार उपयोगी वाटतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृताचे तज्ज्ञ असलेल्या डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हेपटायटिस सीचे रुग्ण लांबून यायचे आणि महिनोन्‌महिने थांबायचे. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. लहान गावांतल्या डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर भेटायचं, प्रत्येकाने आपला खरा रुग्ण मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून उपचार ठरवायचे. २०११ मध्ये त्यांनी ४०७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते आणि या गावोगावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे व्हिडिओवर, आपापल्या गावात बसून, आपल्याच कामावर बोलत शिकलेली माणसं तज्ज्ञांच्या तोडीचं काम करू शकली. आपल्याकडे रुग्णाच्या जागी बिल आहे, एवढाच फरक.

केस घ्यायची म्हणजे नुसतं ‘कोणाची काही अडचण?’ विचारायचं नाही. त्यावर कोणी बोलत नाही. मी दोन दिवस आधी एकाला फोन करते, बहुतेक वेळा ज्याने स्वतःहून फोन केला होता त्यालाच. त्याची अडचण ऐकते आणि दोघं मिळून एका पानावर आणतो: काय घडलं, कागद कुठले आहेत, प्रश्न काय आहे. एवढंच. वर्गात तो तीन मिनिटं बोलतो. मग बाकीच्यांनी फक्त माहिती विचारायची, सल्ला द्यायचा नाही. ‘पार्टीने रिटर्न भरलं होतं का?’, ‘पेमेंट १८० दिवसांच्या आत गेलं का?’ असं. त्यानंतर गटात दहा मिनिटं, मग सगळ्यांची उत्तरं, आणि शेवटी मी कायदा काय म्हणतो ते सांगते. या क्रमात मी घाई केली आणि उत्तर आधी सांगून टाकलं की वर्ग पुन्हा गप्प होतो, हे मी अनेकदा अनुभवलंय. ज्याने केस मांडली त्याला दुसऱ्या दिवशी एक मेसेज करते. त्याने सगळ्यांसमोर आपली अडचण उघडी केलेली असते, त्याची दखल घ्यायलाच हवी.

इथे एक नियम मात्र कडक ठेवा. पार्टीचं नाव, जीएसटी नंबर आणि खरे आकडे वर्गात येता कामा नयेत. नाव काढायचं, नंबर झाकायचा, आकडे बदलायचे. एकदा एका मुलाने स्क्रीन शेअर केली आणि त्याच्या मालकाचं पूर्ण खरेदी रजिस्टर पन्नास जणांना दिसलं. मी ताबडतोब शेअरिंग बंद केलं आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तरी त्या मुलाला आठवडाभर झोप नव्हती. ती चूक त्याच्यापेक्षा माझी जास्त होती, कारण मी नियम आधी सांगितलाच नव्हता. तेव्हापासून केस आधी माझ्याकडे येते आणि ती मीच पडद्यावर दाखवते.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दल थोडं. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ऑनलाइन तर माणसाला आधी पदराला हात पुसायचे असतात, मोबाइल उचलायचा असतो, म्यूट काढायचं असतं, आणि आधी दुसरं कोणी बोलतंय का ते बघायचं असतं. मी मनात पंधरा मोजते. सुरुवातीला ते पंधरा आकडे फार लांब वाटतात आणि आपणच उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. तेवढं टाळा.

गटांच्या वेगळ्या खोल्या करायच्या का, हे नेटवर्कवर ठरवा. मोबाइलवरच्या लोकांचा कॉल खोली बदलताना तुटतो आणि तुटलेला माणूस परत येईलच असं नाही. माझे निम्म्याहून जास्त लोक मोबाइलवर असतील तर मी चार-चार जणांचे व्हॉट्सॲप गट करते. ते एकमेकांना कॉल लावतात आणि दहा मिनिटांनी मीटिंगमध्ये परत येतात. गट करताना वय मिसळते. व्हॅटच्या आधीपासून काम करणाऱ्याला खातं कळतं, बावीस वर्षांच्या मुलाला पोर्टल कळतं, दोघांना एकमेकांची खरी गरज असते. फार बोलणारा एखादा असतोच. त्याला गटाची नोंद लिहायचं काम द्या. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं.

रेकॉर्डिंग द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. दीड तासाचं रेकॉर्डिंग फारसं कोणी बघत नाही. मी वर्गानंतर एका पानाची टीप आणि पाच-सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवते, ती एसटीत बसून ऐकता येते. शिवाय आपल्या विषयात रेकॉर्डिंग शिळं होतं. सप्टेंबर २०२५ च्या आधीचं दरांवरचं माझं सगळं मी काढून टाकलं, कारण कोणीतरी ते ऐकून चुकीचं बिल केलं असतं.

शिकले की नाही हे कसं ओळखायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेवर माझा फारसा भरवसा नाही. माझ्या वर्गात ९० टक्के गुण मिळवलेल्या माणसाने पुढच्याच महिन्यात हॉटेलच्या जेवणाच्या बिलांचं क्रेडिट घेतलेलं मी पाहिलंय, आणि असं क्रेडिट घेता येत नाही हे सांगणारं कलम १७(५) त्याने परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. मी दोन गोष्टी करते. दर वर्गाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांपूर्वीच्या भागावर तीन प्रश्न, वही न बघता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. माझा अनुभव तोच आहे. गुण मोजायचे नाहीत, उत्तरं प्रत्येकाने आपली आपण तपासायची. दुसरी गोष्ट, शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कामातलं एका महिन्याचं टूबी मॅचिंग, नावं झाकून, गटातल्या एकाला दाखवायचं आणि त्याचं आपण बघायचं. जुळत नसलेल्या प्रत्येक बिलापुढे ‘पुढे काय केलं’ हे लिहिलेलं हवं. ते पान मला परीक्षेपेक्षा जास्त सांगतं.

गेलेल्या १९ जणांना फोन करा. ‘का येत नाही?’ असं विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. ‘सध्या कुठल्या कामात अडकलात?’ असं विचारा आणि पाच मिनिटं ऐका. काही परत येतील, सगळे येणार नाहीत. कोणाची शिफ्ट बदललेली असते, कोणाच्या घरात आजारपण असतं. एक बाई मला म्हणाल्या होत्या, ‘मला ई-वे बिलाचं हवं होतं, ते दुसऱ्या आठवड्यात झालं. आता मुलाचा अभ्यास घेते.’ त्यांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. त्यांना मी गळतीत धरणं सोडून दिलं.

तुम्ही कमी पडताय का, याचं उत्तर अजून थेट दिलं नाही. काळ्या चौकोनांकडे बघत दीड तास बोलणं माणसाला आतून थकवतं, आणि थकलेला माणूस दोष स्वतःलाच देतो. मलाही ते झालंय. एकट्याने शिकवणं, चॅट बघणं आणि कोण तुटलं ते बघणं जमत नाही, मग आपलं काहीतरी सुटतंय असं सतत वाटत राहतं. दर वर्गाला सहभागींपैकीच एकाला चॅट बघायला द्या. त्याने अधूनमधून ‘सर, इथे तिघांनी हेच विचारलंय’ एवढं म्हटलं तरी समोर माणसं आहेत हे तुम्हाला जाणवेल. आणि तयारीचा वेळ स्लाइडवरून काढून फोनवर घाला. मी एका वर्गासाठी अडीच तास देत असेन तर त्यातला निम्मा वेळ लोकांशी बोलण्यात जातो.

आता लगेचचं सांगते. या शुक्रवारी २० तारीख आहे आणि तुम्ही त्या दिवशी ‘क्रेडिट रिव्हर्सल’, म्हणजे घेतलेलं क्रेडिट परत करणं, हा विषय ठेवलाय. थ्रीबीच्या शेवटच्या दिवशी रात्री ८ वाजता तुमचे निम्मे लोक ऑफिसातच असतील आणि पोर्टल फिरत असेल. तो विषय पुढे ढकला. मीटिंग मात्र नेहमीच्या वेळी उघडी ठेवा आणि आजच ग्रुपवर टाका की शुक्रवारी शिकवणार नाही, ज्याचं रिटर्न अडकलंय त्याने यावं, बोलायचं नसेल तर चॅटमध्ये लिहावं. पाच-सहा जण येतील, कदाचित त्याहून कमी. आलेल्यांचं रिटर्न जाईपर्यंत थांबा. त्यांच्यापैकी एकाला विचारून ठेवा की मंगळवारी तुमचीच केस घेऊ का, आणि त्याच्यासोबत सोमवारी ते एक पान तयार करा.